महापेला नोकरी आहे, कोपरखैरण्यात भाड्याने घर घ्यावं का? एरिया सेफ आहे का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून शिफ्ट होताय, बायकोचा जॉब महापेला, सुटायला रात्रीचे साडेदहा-अकरा होणार, कोपरखैरण्यात वन बीएचके बघितलाय पण कुठल्यातरी साईटवर नवी मुंबईचा क्राइम रेट बघून धास्ती बसलीय आणि आता ठाण्याचा विचार चाललाय. मी इथे 17 वर्षं राहते, आधी एका रो हाऊसच्या वरच्या मजल्यावर भाड्याने होतो, आता तीन टाकीपासून पाच मिनिटांवर स्वतःचं घर आहे, मुलगी इथेच लहानाची मोठी झाली. माझं उत्तर हो, घ्या घर. पण तो आकडा आधी डोक्यातून काढा.

क्राइम रेट म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे नोंद झालेले गुन्हे. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, तक्त्यात नवी मुंबई आयुक्तालयाची एकच ओळ असते आणि त्या ओळीत ऐरोली, वाशीचं एपीएमसी मार्केट, तळोजा एमआयडीसी, पनवेल, पार उरणपर्यंत सगळं येतं, त्यातून तुमच्या गल्लीचं काय कळणार? ठाण्याचंही तसंच, ठाणे आयुक्तालयात भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर सगळं आहे, म्हणजे तुम्ही घोडबंदर रोडचा फ्लॅट डोळ्यासमोर आणून भिवंडीचा आकडा वाचताय. शिवाय भागायला जी लोकसंख्या घेतात ती 2011 च्या जनगणनेवरून काढलेला अंदाज असतो. तेव्हा नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या सव्वाअकरा लाखाच्या आतबाहेर होती, त्यानंतर एकट्या घणसोलीत किती टॉवर उभे राहिले ते येऊन बघा.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे "नोंद झालेले" हा शब्द. आमच्या सासूबाईंचं मंगळसूत्र गेलं होतं. सकाळी साडेसहाला दूध घेऊन येत होत्या, मागून बाईकवर दोघं आले, गळ्यातून ओढलं, त्या पडल्या, गुडघा फुटला. आम्ही तक्रार द्यायला गेलो तर टेबलावरचा माणूस म्हणतो, आजी अर्ज लिहून द्या, दागिना गहाळ झाला असं लिहा, लगेच शिक्का मारून देतो. सासूबाई सातवी शिकलेल्या, पण म्हणाल्या, अहो गळ्यातून ओढून नेलं, गहाळ कसं झालं? दुपारी तीनपर्यंत आम्ही तिथल्या बाकावर बसून राहिलो, गुडघ्याला रुमाल बांधलेला, तेव्हा कुठे एफआयआर झाला. दीड वर्षाने फोन आला की चोर दुसऱ्या जिल्ह्यात सापडलेत, मग कोर्टात अर्ज करून सोनं सोडवून आणलं, वितळवलेलं होतं पण मिळालं. त्या दिवशी गहाळचा कागद घेऊन घरी आलो असतो तर सोनं तर गेलंच असतं, आणि क्राइम रेटच्या हिशोबात ती सकाळ झालीच नसती. म्हणून मला कमी आकड्याचा एरिया बघून हायसं वाटत नाही, तिथे लोकांना बाकावरून उठवून घरी पाठवत असतील का हाच विचार आधी मनात येतो.

आता कायदा थोडा आपल्या बाजूने आलाय. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात हिसकावून नेण्याला कलम 304 असं वेगळं कलम आहे, जुन्या आयपीसीत नव्हतं. आणि हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

मग बघायचं काय? महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर एफआयआर टाकलेले असतात. आयुक्तालय निवडा, पोलीस ठाणं निवडा, तारखा टाका. महिलांवरचे अत्याचार वगैरे नाजूक प्रकरणं तिथे नसतात, तेवढं लक्षात ठेवून वाचा. मागच्या दोन महिन्यांचे वाचलेत तरी चित्र कळतं, मराठीतच असतात, कुठे, किती वाजता, काय गेलं सगळं. एफआयआरमध्ये न्याय संहितेची कलमं असतात, 303 म्हणजे चोरी, 305 घरातली चोरी, 331 घरफोडी, 318 फसवणूक. मी अधूनमधून वाचते, माझ्या वाचनात जास्त करून मोबाईल, बिल्डिंगखालून गेलेल्या बाईक, आणि फोनवरून पैसे काढून घेतलेली माणसं. ते शेवटचं तर नाशिकला बसूनही होईल, त्यासाठी 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर बायकोच्या आणि आईवडिलांच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा, पैसे गेल्या गेल्या फोन केला तरच थांबवता येतात.

आईवडील राहायला येणार असतील तर त्यांना एक मात्र बजावून सांगा. पुढे चोरी झालीय, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून कागदात बांधून ठेवा असं कोणी रस्त्यात म्हटलं तर तो पोलीस नाही. खरा पोलीस रस्त्यावर दागिने काढायला सांगत नाही.

बायकोच्या रात्रीच्या येण्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि ऑफिसपासून घराच्या दारापर्यंत गाडीची सोय कंपनीने करायची असते. दारापर्यंत, स्टेशनपर्यंत नाही. जॉइन होताना एचआरकडून ईमेलवर लेखी घ्या, कारण एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यांवर त्या वेळी चालत यायचं मी माझ्या मुलीला कधीच सांगणार नाही. कॅबमध्ये शेवटचा ड्रॉप रोज तिचाच येत नाही ना, तेही बघा.

घराचं म्हणाल तर सगळे म्हणतात टॉवर घ्या, वॉचमन असतो, सीसीटीव्ही असतो. मला तरी आमच्या जुन्या गल्लीत जास्त सुरक्षित वाटायचं, माथाडी कामगारांची छोटी घरं, पहाटेपासून कोणी ना कोणी दारात बसलेलं, अनोळखी माणूस दोनदा फिरला की काकू विचारणारच, कोण हवंय? घरफोडी बरीचशी दिवसा होते, दोघं कामावर गेल्यावर, कडी-कोयंडा उचकटून, आणि टॉवरमध्ये शेजारचं दार दिवसभर बंदच. सेफ्टी डोअर मात्र कुठेही असलं पाहिजे, मालकाने नाही लावलं तर ॲग्रीमेंटच्या आधी मागून घ्या. पोलीस व्हेरिफिकेशनला मालक टाळाटाळ करत असेल तर ते घर सोडा. 2017 मध्ये जुईनगरला चोरांनी बँकेशेजारी दुकान भाड्याने घेतलं आणि तिथून भुयार खणून लॉकर फोडले होते, भाडेकरू कोण आहे हे न विचारणारा मालक तुमच्या बिल्डिंगमध्येही असेल.

आणि घर बघायला रविवारी दुपारी येऊ नका, एजंट तेव्हाच बोलावतो. मधल्या वारी रात्री अकराला स्टेशनवर उतरा आणि त्या घरापर्यंत दोघं चालत जा. मेडिकल, पानटपरी कुठवर उघडी आहे, झाडाखाली दिवे झाकलेत का, कडेला बस-टेम्पोंची रांग कुठे लागते ते बघा. निघताना स्टँडवरच्या रिक्षावाल्याला विचारा, आता कुठल्या गल्लीचं भाडं तो घेणार नाही.