कातडी काढल्यावर मासा ओळखायचा कसा?

महोदय,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. ‘आम्ही ठरवलंय’ हे शब्द त्यात पाच ठिकाणी आहेत, लेकीचं म्हणणं मात्र एकाही ठिकाणी नाही. मेडिकलची प्रवेश परीक्षा तिने दोनदा दिली, आता तिसऱ्यांदा बसवायचं आहे. ‘मासळीचे तुकडे तपासायचं खूळ तिच्या डोक्यातून काढा,’ असं तुम्ही लिहिता. ते मी काढणार नाही.

तिच्या गुणांची मला काळजी नाही. तिच्या वहीतल्या पानाचा फोटो तुम्ही तिला न विचारता, ती वेळ कसा घालवते याचा पुरावा म्हणून जोडलात, ते मात्र फार खटकलं. त्या पानावर माशाचे दोन सोललेले काप शेजारी शेजारी काढलेत. प्रत्येकाखाली लेबलवरचं नाव आणि तळाशी पेन्सिलीने प्रश्न: ‘डोकं, पर, कातडी गेल्यावर ओळखायचं कसं?’ अहो, तुमच्या अख्ख्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ हीच आहे. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन शाळकरी मुलींनी हाच प्रश्न धरून दुकानांतून आणि सुशीच्या रेस्टॉरंटांतून साठेक नमुने जमवले, डीएनए तपासणीला पाठवले. ज्यांची ओळख पटली त्यांतले जवळपास पाव नमुने भलत्याच नावाने विकले जात होते.

‘मशीनमध्ये तुकडा टाकला की नाव येतं, त्यात शिकायचं काय?’ हा तुमचा प्रश्न मोठ्या गैरसमजातून आलाय. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो, हे खरं. प्राण्यांच्या जाती ओळखायला वापरतात त्या सीओआय नावाच्या जनुकातली डीएनएची साधारण ६५० अक्षरं वाचून ती संदर्भसंग्रहाशी, म्हणजे आधी ओळख पटवलेल्या माशांच्या नोंदींशी, ताडून बघतात. पण संग्रहातल्या मूळ माशालाच कुणी चुकीचं नाव दिलं असेल तर मशीनही तीच चूक सांगणार. म्हणून आधी अख्खा मासा हातात घेऊन खवले, परांतले काटे मोजणारा जाणकार लागतो. डबाबंद मासळीत उष्णतेने डीएनए तुटलेला असतो, तिथे डीएनएच्याच छोट्या तुकड्यांवर भागवावं लागतं. ट्यूनाच्या काही जाती तर इतक्या जवळच्या, की हे एक जनुक पुरत नाही. आणि मासा जाळ्यातला की तळ्यात पोसलेला, हे या चाचणीतून कळत नाही. कुठे थांबायचं हे कळायला शिक्षणच लागतं.

शिवाय हे माणसांच्या जिवाशी निगडित काम आहे. २००७ मध्ये अमेरिकेत मंकफिश म्हणून विकलेल्या मासळीतून लोकांना पफरफिश या विषारी माशाच्या विषाची बाधा झाली होती.

एक मात्र स्पष्ट सांगते: फक्त मासळी तपासणीच्या नोकऱ्या थोड्या आहेत. म्हणून पदवी रेण्वीय जीवशास्त्र (मॉलिक्युलर बायोलॉजी) किंवा जनुकशास्त्राची घ्यावी, सोबत वर्गीकरणशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं करावं. हेच कौशल्य अन्नतपासणीत, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, रोगनिदानातही चालतं. प्रवेशाची पद्धत विद्यापीठागणिक वेगळी असते, ती तिची तिला शोधता येईल.

तिसऱ्या प्रयत्नाचा अर्ज तूर्त भरू नका. वहीचा फोटो मला पाठवला होता हे आज तिला स्वतः सांगा. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे. ते दोन काप तिने कुठे पाहिले आणि तिला शंका कशावरून आली, हे मला तिच्याकडूनच ऐकायचंय.