डर्ट बाईकचे पुढचे चाक डगमगते: रिंग बदलण्याआधी काय तपासावे?

आपण चोपडा तालुक्यातले असल्याचे लिहिले आहे. सातपुड्याच्या पायथ्याकडे जाताना नाल्यातल्या एका दगडावर गाडी जोरात आदळली, तेव्हापासून ताशी चाळीसच्या पुढे हँडल थरथरते, चाक फिरवून पाहिले तर ते डावीकडे-उजवीकडे डुलताना दिसते आणि गॅरेजमध्ये रिंगच बदलावी लागेल असे सांगण्यात आले आहे. आपला प्रश्न असा की खरोखर रिंग बदलावी की स्पोक कसून काम भागेल. माझे उत्तर असे की यांपैकी काहीही ठरवण्याची वेळ अजून आलेली नाही. ‘चाक डगमगते’ या एका तक्रारीखाली बेअरिंग, कोनसेट (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग), टायरची बैठक, स्पोक आणि रिंग असे निरनिराळे दोष दडलेले असू शकतात. त्यांचे उपाय वेगळे आहेत आणि ते चुकीच्या क्रमाने केले तर एकाचे दोन दोष होतात.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगत आहे. माझ्याकडेही आपल्यासारखीच पुढे २१ इंची स्पोकचे चाक असलेली गाडी आहे. अनेर नदीच्या पात्रातून पावसाळाभर ये-जा केल्यानंतर तिचे पुढचे चाक डुलू लागले. मी सायकलच्या चाकाचे आउट (रिंगेचा वाकडेपणा) लहानपणी काढलेले असल्यामुळे मोठ्या आत्मविश्वासाने स्पोकचा पाना घेऊन बसलो आणि दोन संध्याकाळी निपल (स्पोक रिंगेला कसणारे छोटे नट) फिरवत राहिलो. एक जागा सरळ केली की दुसरी बिघडे, आणि सकाळी सरळ वाटलेली जागा संध्याकाळी पुन्हा वाकडी दिसे. शेवटी शेजारच्या मिस्त्रींनी चाक दोन हातांनी धरून एकदा हलवले आणि अहिराणीत एवढेच म्हटले, ‘‘भाऊ, चाक आसवर हालस.’’ म्हणजे बेअरिंग गेलेले होते, आणि हलत्या आसावरच्या चाकाचा मी आउट काढत होतो. नवे बेअरिंग बसवल्यावर चाकात चांगला तीन मिलिमीटरचा आउट निघाला, आणि तो सगळा माझ्या हातचा होता.

म्हणून पहिली तपासणी बेअरिंगची करावी. अशा गाड्यांना बहुधा मधला स्टँड नसतो, त्यामुळे इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक जमिनीपासून चार बोटे उचलून घ्यावे आणि गाडी मागून कोणालातरी धरायला सांगावे. (आपल्याकडे केळीचे प्लास्टिकचे क्रेट सहज हाताशी असतात, पण उन्हात पडून कडक झालेले क्रेट गाडीच्या वजनाने तडकते, तो मोह टाळावा.) आता एक हात चाकाच्या वरच्या बाजूला आणि दुसरा खालच्या बाजूला ठेवून चाक आडवे हलवावे, मग चाक पाव फेरी फिरवून पुन्हा तसेच करावे. शॉकअप स्थिर असताना चाक टकटक असा आवाज करत हलत असेल तर बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे. फक्त आधी एक्सलचा, म्हणजे आसाचा नट घट्ट आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण सैल एक्सलही असाच हलतो. चाक हळू फिरवताना एक बोट शॉकअपच्या खालच्या टोकाशी, एक्सलजवळ टेकवले तर खराब बेअरिंगची खरखर बोटाला जाणवते. आणखी एक खूण मला त्या दोन संध्याकाळींनी शिकवली: चाकाच्या त्याच जागेचे माप दर फेरीला वेगळे येत असेल, तर दोष रिंगेत नसून आसाशी आहे.

बेअरिंग बदलायचे असेल तर दोन्ही बाजूंची एकदम बदलावीत आणि सीलही नवेच घ्यावेत. नवे बेअरिंग ठोकताना फक्त बाहेरच्या कड्यावर जोर यावा, आतल्या कड्यावर किंवा सीलवर नाही. त्यासाठी बाहेरच्या कड्याएवढ्या व्यासाचा सॉकेट वापरतात. दोन बेअरिंगमधली नळी परत बसवायला विसरू नये, कारण ती नसेल तर एक्सल कसताच दोन्ही बेअरिंग आडव्या दाबाखाली येतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा जातात. आपल्या भागात बेअरिंग लवकर जाण्याचे कारण नदी-नाले जितके आहेत तितकेच वॉशिंग सेंटरही आहे, असे माझे मत आहे. काळ्या मातीचा चिखल घट्ट बसतो, म्हणून धुणारा माणूस दाबाच्या पाण्याचा फवारा थेट एक्सलवर मारतो, आणि सीलखालून आत गेलेले पाणी ग्रीस धुऊन टाकते.

चाक उचललेलेच आहे तोवर दोन्ही शॉकअपची खालची टोके धरून पुढे-मागे ओढून पाहावीत. चॅसिसच्या माथ्यापाशी ठक्क असे जाणवले तर कोनसेट सैल आहे. हँडल सावकाश वळवताना अगदी मध्यावर खाचेत अडकल्यासारखे वाटले तर कोनसेटच्या वाट्यांना खड्डे पडले आहेत, आणि तो कसून नव्हे, बदलूनच सुटेल. आपल्यासारखा धक्का बसल्यावर किंवा गाडी पडल्यावर आणखी एक गोष्ट वारंवार घडते, ती म्हणजे शॉकअप त्यांना वर धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये किंचित पिळले जातात आणि हँडल सरळ धरले तरी चाक एका बाजूला पाहते. त्यासाठी एक्सल आणि क्लॅम्पचे बोल्ट सैल करून, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करावे आणि बोल्ट पुन्हा कसावेत. यात एक रुपयाही खर्च होत नाही.

यानंतर टायर आणि रिंग यांतला फरक ओळखावा, कारण डोळ्याला दिसणारे डुलणे बरेचदा टायरचे असते आणि रिंग बिचारी सरळ असते. टायरच्या बाजूला, रिंगेच्या कडेलगत एक बारीक रेषा उठवलेली असते. ती पूर्ण फेरीत रिंगेपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. पंक्चर काढल्यावर घाईने बसवलेल्या टायरमध्ये ही रेषा एखाद्या ठिकाणी आत गेलेली असते. तसे असेल तर हवा सोडून, कडेला साबणाचे पाणी लावून, टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या आतच थोडी जास्त हवा भरून टायर बसवावा आणि मग दाब नेहमीचा करावा.

रिंग तपासण्यासाठी महागड्या स्टँडची गरज नाही. शॉकअपच्या खालच्या भागाला प्लास्टिकची टायपट्टी आवळून तिचे टोक रिंगेच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर येईल असे कापावे आणि चाक हळू फिरवावे. टोक आणि कड यांतले अंतर आडवे कमी-जास्त होत असेल तर तो बाजूचा आउट, आणि रिंग वर-खाली होत असेल तर तो उंचीचा आउट. अनेक दुचाकींच्या सर्व्हिस पुस्तिकांत दोन्हींची मर्यादा २ मिलिमीटर दिलेली असते. त्याच वेळी प्रत्येक स्पोकवर लहान पाना हलकेच वाजवून पाहावा. ताठ स्पोक टण्ण असा स्वच्छ वाजतो, सैल स्पोकचा आवाज भद्द येतो. दगडाचा मार लागलेल्या जागी सलग तीन-चार स्पोक भद्द वाजले, तर आपले उत्तर बहुधा तिथेच आहे.

आता प्रत्यक्ष काम. गंजलेल्या निपलांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे, नाहीतर निपलाची चौकट गोल होते आणि मग पाना कशालाच धरत नाही. निपलाला बसणारा नेमका स्पोक पानाच घ्यावा, पकड वापरू नये. दिशेबाबत नवख्याची हमखास गल्लत होते: टायरच्या बाजूने, रिंगेबाहेरून पाहिले तर निपल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवल्यावर कसते, पण आपण हबकडून (चाकाच्या मधल्या भागाकडून) पाहत पाना फिरवतो तेव्हा तीच दिशा काट्यांच्या उलट दिसते. आधी फक्त सैल स्पोक इतरांइतके ताठ करावेत आणि पुन्हा माप घ्यावे; अर्ध्या वेळा काम तिथेच संपते. उरलेला आउट काढताना लक्षात ठेवावे की हबच्या डाव्या कडेचा स्पोक रिंगेला डावीकडे ओढतो. म्हणून रिंग एखाद्या जागी डावीकडे गेली असेल, तर तिथले डावे स्पोक पाव फेरी सैल करावेत आणि तेवढेच उजवे कसावेत. नुसते कसतच गेलो तर रिंग त्या जागी आत ओढली जाते आणि बाजूच्या आउटऐवजी उंचीचा आउट तयार होतो. रिंग बाहेर फुगली असेल तिथे दोन्ही बाजूंचे स्पोक सारखे कसतात, आत बसली असेल तिथे सारखे सैल करतात. आधी उंची आणि मग बाजू, हा क्रम मला सोयीचा पडतो. एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नये. सगळे चाकच ढिले असेल तर एकामागून एक स्पोक न कसता तीन सोडून चौथा असे करावे. ३६ स्पोकच्या चाकात नऊ-नऊच्या चार फेऱ्यांत सगळे पूर्ण होतात. आणि स्पोकचे टोक निपलाबाहेर येऊन ट्यूबला टोचेल इतके कसले गेले असेल, तर टायर उतरवून ते घासावे. केवळ रिंगेवरच्या पट्टीवर विसंबू नये.

रिंग केव्हा बदलायची? निपलाच्या भोकाजवळ तडा दिसला, जोडाच्या जागी फट पडली, किंवा दगडाने कड इतकी चेपली आहे की तिथले स्पोक सैल केले तरी खळगा उठत नाही, तर बदलावी. खळग्याच्या जागी स्पोक ओढून रिंग गोल करता येते, हा गैरसमज आहे. त्या जागेचे स्पोक कायम ढिले राहतात आणि शेजारचे तुटू लागतात. ॲल्युमिनियमच्या रिंगेची कड किंचित वाकली असेल तर जाणकार माणूस ती एकदा सरळ करू शकतो, पण तीच जागा वारंवार सरळ करणे धोक्याचे असते. आपल्या वर्णनावरून यांपैकी काही दिसले असल्याचे कळत नाही, म्हणून गॅरेजमध्ये ‘‘रिंग नेमकी कुठे गेली आहे, ते बोट ठेवून दाखवा’’ असे नम्रपणे विचारण्यास हरकत नाही.

चाक परत बसवताना आधी एक्सलचा नट कसावा, मग गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा दाबावेत आणि त्यानंतरच एक्सल आवळणारे खालचे बोल्ट कसावेत, म्हणजे शॉकअप पिळले जात नाहीत. एवढे करूनही थरथर राहिली तर मागचा भार पाहावा: मागच्या कॅरियरवर दुधाच्या दोन कॅन लटकवल्या की पुढचे चाक हलके होते आणि निर्दोष गाडीचेही हँडल थरथरते. नव्याने कसलेले स्पोक पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये थोडे बसतात, म्हणून तेवढे अंतर सावकाश चालवून ते पुन्हा एकदा वाजवून पाहावेत. मार लागलेल्या जागेवरच्या निपलांना आधीच रंगाचा ठिपका लावून ठेवला तर कोणते निपल हलले, ते तेव्हा लगेच दिसेल.