तुझ्या नावाचे पाच किलो

पोरी,

काल शिकवणीला आलीस तेव्हा लाडवाची वाटी तू हळूच परत सरकवलीस. "बाई, आज शनिवार." सोमवारी सोमवार होता, गुरुवारी संकष्टी. इतके उपवास पंचवटीत जन्म काढलेल्या माझ्या सासूबाईंनीही केले नव्हते. बरं, उपवास म्हणावा तर साबुदाणा नाही, शेंगदाणा नाही, नुसता चहा. अंबडला वडिलांचं कंत्राट संपल्याला चार महिने झाले, निफाडच्या मामाच्या कांद्याला भाव नाही, हे मला ठाऊक आहे. तुझी पोळी कुणाच्या ताटात जाते, तेही.

जाताना जिन्यात विचारलंस, "कॉलेज सोडून पॅकिंगला जाऊ का?" त्याचं उत्तर आज देत नाही. रिकाम्या पोटी केलेल्या विचाराला मी विचार म्हणत नाही. आधी आपला वाटा वाढून घे, मग बोलू.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई सिन्नरकडे खडी फोडायला जायची. कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ, मिळायची, ती पदरात बांधून घरी आणायची आणि "माझा चातुर्मास आहे" म्हणायची. मी तेरा वर्षांची. सुकडी मी खाल्ली, वर आई किती देवभोळी म्हणून मैत्रिणींना कौतुकानं सांगितलं. कार्तिकी झाली, चातुर्मास संपला, तरी तिचा उपवास सुटेना, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तुझा शनिवार मला लगेच कळला तो त्यामुळे.

आता हिशेब बघ. आठवीपर्यंत शाळेत खिचडी होती. सहावी ते आठवीला माणशी दीडशे ग्रॅम तांदूळ, तीस ग्रॅम डाळ, कागदावर तरी. नववीत गेलीस आणि बंद, जणू नववीतल्या पोरांना पोटच नसतं. उरलं रेशन. माणशी महिन्याला पाच किलो, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमसुद्धा नाही, आणि डाळ-तेल वेगळंच. पण कार्डावर तुझं नाव आहे ना? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं ते पाच किलो तुझ्या नावाचे आहेत. ते तू वाटत सुटलीस. आणि कुणाला? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात तुझ्या वयाच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह लिहिलंय, तुझ्या तेरा वर्षांच्या भावाला २२. पाळी तुला येते, त्याला नाही. ज्या दिवशी घरात कमी असेल त्या दिवशी सगळ्यांच्याच ताटात कमी पडू दे. एकाच ताटातून सगळी काटकसर करायची नाही. आपला वाटा वाढून घे.

रागावतेय असं वाटेल. रागावतेच आहे, पण सगळं तुझ्यावर नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शाळेत लोहाच्या निळ्या गोळ्या वाटायच्या, आठवड्याला एक. खिडकीतल्या कुंडीत एकदा निळे डाग सापडले. एक मुलगी गोळी गालात धरून तिथे थुंकत होती. मी तिला अख्ख्या वर्गासमोर झापलं. ती म्हणाली, "मळमळतं, बाई." उपाशीपोटी त्या गोळीनं मळमळतंच, जेवणानंतर द्या अशी सूचनाच होती. "सकाळी काय खाल्लंस?" एवढं विचारायला कितीसा वेळ लागला असता? दिवाळीनंतर ती आली नाही. वर्गात बहात्तर मुली, रजिस्टर त्याच दिवशी भरून द्यायचं, कुणाकुणाला विचारणार होते मी? (हे स्वतःला बरीच वर्षं सांगतेय. लिहून बघितल्यावर फारसं पटत नाही.) मग टेबलाच्या खणात फुटाणे-गुळाचा डबा ठेवला. वर्गात खाणं नको म्हणून वरून बोलणी खाल्ली, डबा हलवला नाही. निवृत्त झाले त्या दिवशीही भरून ठेवून आले.

भूकच लागत नाही म्हणालीस. हे काही बरं लक्षण नव्हे. दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन बघून घे, बाराच्या खाली निघालं तर आकडा लपवायचा नाही. आणि तो चहा! जेवणाच्या आगेमागे तासभर तरी नको, खाल्लेलं लोह त्यानं अंगी लागत नाही. मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळ. भाकरीत नागली घाल.

सोबत दोन किलो हुलगे देतेय. पेठकडचे आहेत, खडे निघतील, निवडून घे. परत करायला आलीस तर शिकवणी बंद, हे खरंच सांगतेय.

आणि हे पत्र आईलाही वाचू दे. परवा भाजीबाजारात भेटली. चल, वडापाव खाऊ म्हटलं, तर म्हणाली, "नको बाई, आज संकष्टी." संकष्टी आदल्या दिवशीच होऊन गेली होती.

तुझी,
बाई