१३ क्यू, आणि तू न विचारलेलं थोडं

जूनमध्ये बायको-मुलीला घेऊन सिडनीला निघतोयस. विचारलंस, तिथे ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात शेअरसारखे मिळणारे फंड, घेतले तर त्यावरचं टॅक्स क्रेडिट गुंतवणुकीचा हिशेब ठेवणारं पोर्टफोलिओ सॉफ्टवेअर बरोबर दाखवतं का, आणि ताई, एकटं वाटतं का. व्हिसा नि मेडिकलचं सरकारी कागदात सगळं लिहिलेलं आहे, ते मी उगाळत नाही.

एकटं वाटतं. पुढचं.

सॉफ्टवेअर खोटं नाही बोलत, पण जुलैत ते अंदाजाने बोलतं. इथली कंपनी नफ्यावर ३० टक्के कर आधीच भरते, म्हणून ७० डॉलर डिव्हिडंडसोबत ३० डॉलरचं फ्रँकिंग क्रेडिट येतं. उत्पन्न धरायचं १०० आणि ते ३० आपल्या करातून वजा. जास्त झाले तर परतही मिळतात. साधा शेअर असेल तर गोष्ट इथे संपते. ईटीएफ आपल्याला जे पैसे वाटतो त्या एकाच वाटपात मात्र फ्रँक्ड (कर आधीच भरलेलं), अनफ्रँक्ड (न भरलेलं), परदेशी उत्पन्न, भांडवली नफा असा सगळा चिवडा असतो, आणि त्यात शेंगदाणे किती, पोहे किती हे फंड ३० जूनला वर्ष संपल्यावर सांगतो.

मी पहिल्या वर्षी ४ जुलैलाच रिटर्न भरून मोकळी झाले. डोक्यात आपली ३१ जुलै. इथे स्वतः भरणाऱ्याला ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत असते, पण धीर कुणाला? ऑगस्टमध्ये फंडाचं स्टेटमेंट आलं. १३ क्यू, म्हणजे रिटर्नमधल्या फ्रँकिंग क्रेडिटच्या ओळीत १८६ डॉलर. मी भरलेले २४१. वर ३० जूनचं वाटप बँकेत जुलैच्या मध्यात जमा झालं म्हणून मी ते पुढच्या वर्षात टाकलेलं. ते जुन्याच वर्षाचं. काय सांगू बाप्पा, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुरुस्ती मात्र दहा मिनिटांत झाली, कुणी रागावलंही नाही.

तेव्हापासून स्टेटमेंटचा कागद काढते, सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक वाटपाचे आकडे त्यावरून बदलते आणि पेन्सिलीने टिक करत जाते. १३ क्यू जुळलं की २० ओ, म्हणजे परदेशात कापलेला कर. हे क्रेडिट उरलं तरी हातात परत मिळत नाही, हे लक्षात ठेव.

नागपूरच्या एफडीचं काय करशील? तात्पुरत्या व्हिसावर आहेस तोवर तिचं व्याज इथे सहसा मोजत नाहीत. पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासाची परवानगी, झाली की मोजतात. एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्याचं, व्याज तिकडे करमुक्त असलं तरी इकडे नाही. एनआरओवर, म्हणजे भारतातल्या कमाईच्या खात्यावर, तिकडे ३० टक्के टीडीएस कापतात, पण दोन्ही देशांच्या करारामुळे इथे क्रेडिट मिळतं १५ टक्क्यांपर्यंतच. वरचं परत मिळवायला भारतात रिटर्न भरावं लागतं. आणि खातं एनआरओ करायचं काम निघण्याआधी तिथे असतानाच उरक. माझा फॉर्म सही जुळत नाही म्हणून तीनदा परत आला. सही माझीच, हात माझाच.

मुलीच्या शाळेचं तू विचारलं नाहीस. काहून? विदर्भात जूनअखेर शाळा उघडते तेव्हा इथलं जानेवारीअखेर सुरू झालेलं वर्ष अर्ध्यावर आलेलं असतं. सरकारी शाळेतही तात्पुरत्या व्हिसावाल्यांकडून या राज्यात फी घेतात, तीही बघून ठेव. पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. प्रवेश अर्जात 'घरची भाषा' पुढे मी अभिमानाने मराठी लिहिलं. नागपुरात इंग्रजी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या पोरीला त्यांनी नवशिक्यांच्या इंग्रजी वर्गात बसवलं. सहा महिने ती सफरचंदाच्या चित्राखाली 'ॲपल' लिहीत होती. शिक्षिका फार गोड होती, म्हणून भांडताही येईना. घरी येऊन पोरगी म्हणाली, "आई, फॉर्मवर मराठी नको ना लिहू." पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर मी इंग्रजी लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं.

आता ती आजोबांना इंग्रजीत उत्तर देते. बाबा बँकेतले निवृत्त कॅशियर. पेन्सिलीची टिक त्यांचीच. नागपूरच्या महाल भागातल्या घरून दर ऑगस्टला विचारतात, "जुळलं काय गं?" जुळलं, म्हणते. मग म्हणतात, तिला दे फोन. नागपुरात संध्याकाळचे सात म्हणजे इथे रात्रीचे साडेअकरा. झोपली ती, म्हणते मी. बहुतेकदा झोपलेली असतेही.