गार असताना चालते, गरम झाली की बंद

प्रश्न : काका, वडिलांची १९६८ सालची मोटारसायकल आहे. ३५० सीसी, एक सिलिंडर, ६ व्होल्टची बॅटरी, पॉइंट आणि कंडेन्सरचं इग्निशन. सकाळी दुसऱ्या किकला चालू होते. पंधरा-वीस मिनिटं छान पळते, मग दोन-तीन आचके देते आणि बंद. नंतर कितीही किक मारा, ढिम्म. अर्धा तास उभी केली की काही झालंच नव्हतं अशी चालू! प्लग बदलला, पॉइंट नवे टाकले, कार्ब्युरेटर दोनदा साफ करून घेतला. आता मेकॅनिक म्हणतो, सगळं वायरिंगच नवं करू. करू का?

उत्तर : ताई, नका करू. निदान अजून तरी नका.

तुम्ही सगळं लिहिलंत, पण एक गोष्ट राहिली. बंद पडल्यावर प्लगला ठिणगी होती का? दोष तुमचा नाही, बहुतेक जण हे बघतच नाहीत. गाडी गॅरेजपर्यंत नेईतो ती गार होते, आणि गार झाली की दोष पळून जातो. मग मेकॅनिक अंदाजानं एकेक वस्तू बदलत सुटतो. तेव्हा तपासणी जिथे बंद पडली तिथेच, रस्त्याच्या कडेला, इंजिन चटके देत असताना करायची. त्यासाठी एक जादा प्लग, स्क्रू ड्रायव्हर आणि जाड फडकं सोबत ठेवा.

बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली, तर इग्निशनचा काही संबंध नाही. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. गाडी उभी राहिली की हवा हळूहळू झिरपते, पेट्रोल उतरतं, गाडी चालू. लक्षणं अगदी तुम्ही लिहिलीत तशीच. मी स्वतः यात फसलोय. ठिणगीसाठी व्होल्ट चढवणारी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, महिनाभर डोकं खाजवलं. छिद्रात निघालं पॉलिशचं मेण, आणि टाकी चकचकीत करायच्या नादात ते मीच तिथे भरलं होतं.

झाकण परत घट्ट लावा, आणि मगच ठिणगी बघा. इंजिनातला प्लग काढू नका, नुसती त्याची कॅप ओढून काढा. प्लग काढला तर भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच आपण ठिणगी पाडत असतो. जादा प्लग कॅपमध्ये बसवा, त्याची धातूची बाजू सिलिंडरच्या फिनला नीट टेकवा आणि कुणाला तरी किक मारायला सांगा. हात कॅपला लावू नका, झटका बसतो. उन्हात ठिणगी दिसत नाही, अंगाची सावली धरा. निळी आणि टच्‌ असा आवाज करणारी ठिणगी असेल, तर इग्निशनला सोडा आणि पेट्रोलकडे वळा. पिवळट, बारीक, एकदा आली एकदा नाही, अशी असेल तर चोर करंटमध्येच आहे.

मग पॉइंटवरचं, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या जोडीवरचं, झाकण काढा. किक हातानं हळू दाबत पॉइंट मिटलेले राहतील असं इंजिन थांबवा, इग्निशन चालू करा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं पॉइंट झटकन उघडा. बारीकशी चमक दिसणारच, ती चालते. पण प्रत्येक वेळी ठसठशीत जाळ उडत असेल तर कंडेन्सर गेला. कॉइलमधला करंट एका झटक्यात तुटला तरच प्लगकडे हजारो व्होल्ट उठतात. पॉइंट उघडताना त्या करंटला फटीतून उडी मारायची असते. कंडेन्सर तेवढा क्षण तो पोटात घेतो. आतलं इन्सुलेशन तापून गळायला लागलं की तोडणी रेंगाळते, सगळा जोर पॉइंटमध्येच जळतो आणि प्लगला उरतं ते पिवळं काहीतरी.

माझा संशय कंडेन्सरवरच आहे. पॉइंट नवे टाकले, असं तुम्ही लिहिलंय. कंडेन्सरचा उल्लेख नाही. जुन्याची वायर सुटी करा आणि चालत्या गाडीवरचा, खात्रीचा कंडेन्सर बाहेरून जोडा. त्याची वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, अंग गाडीच्या सांगाड्याला. इंजिनाच्या उष्णतेपासून तिथे लांब राहतो, म्हणून मी तर कायमचाच तिथे ठेवतो. नवा म्हणून डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका, डब्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेलेही ‘नवे’ म्हणून मिळतात.

पॉइंटमध्ये जाळ नाही आणि प्लगची ठिणगी तरीही मेलेली, तर कॉइल. मीटरनं ओहम मोजून समाधान मानू नका. मीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो, कॉइल फुटते ती हजारो व्होल्टच्या दाबाखाली, तापल्यावर. दुसरी लावून बघणं हीच तिची खरी परीक्षा. आणि इग्निशन चालू ठेवून गप्पा मारत बसायची सवय असेल तर सोडा. पॉइंट मिटलेले असले की कॉइल नुसती शेकत राहते.

नव्या पॉइंटबद्दल एक सांगतो. त्यांची फायबरची टाच सुरुवातीला लवकर झिजते, फट कमी होते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडतं. काहीशे किलोमीटरनंतर फट पुन्हा तपासा. अशा गाड्यांना बहुधा ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते, तुमच्या पुस्तिकेतला आकडा तो खरा. आधी फट, मग टायमिंग. उलटं केलंत तर टायमिंग परत हलतं. फट मोजायच्या पट्टीला, फिलर गेजला, तेल असतं, म्हणून शेवटी कोऱ्या कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून ओढा. काळी रेघ उमटायची थांबेपर्यंत.

प्रश्न : जुनी ब्रिटिश गाडी घेतली. बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक सांगाड्याला जोडलंय. आधीच्या मालकाची चूक ना?

उत्तर : चूक नाही, याला पॉझिटिव्ह अर्थिंग म्हणतात. त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश गाड्या अशाच निघाल्या. ‘दुरुस्त’ करायला जाल तर करंट एकाच दिशेनं वाहू देणारा रेक्टिफायर जाळून बसाल. कॉइलवर प्लस-मायनस लिहिलेलं असेल तर तुमच्या गाडीत प्लस पॉइंटकडे जातो. उलटं जोडलं तरी गाडी चालते, पण ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात आणि गार सकाळी किका मोजाव्या लागतात.

प्रश्न : प्लगच्या नंबरात ‘आर’ आहे. चालेल?

उत्तर : ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, करंटला अडसर. चालेल, पण कॅपमध्येही रेझिस्टर आणि वायरही कार्बनची, असं एकावर एक करू नका. सहा व्होल्टच्या गाडीला मी बिगर-‘आर’चा प्लग आणि तांब्याची वायर लावतो.