एक्स्प्रेसवेवर १०० ऐवजी १२० ने गाडी चालवली तर खरंच इतका फरक पडतो का?

फरक पडतो, आणि तुम्हाला वाटतोय त्याहून पुष्कळ जास्त पडतो. तुमचं म्हणणं असं की गाडी नवी आहे, पाच स्टारची आहे, सहा एअरबॅग आणि एबीएस आहे, मुंबई-पुणे रस्ता मोकळा मिळतो, मग मर्यादा १०० ची असताना १२० ने गेलं तर बिघडतं काय. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि या रस्त्याने माझं नेहमीचं येणं-जाणं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समजा शेजारशेजारच्या लेनमधून दोन गाड्या चालल्या आहेत. एक १०० ने, दुसरी १२० ने. ९७ मीटरवर एक ट्रेलर रस्त्यात आडवा झालाय आणि तो दोघांनाही एकाच क्षणी दिसतो. दिसलं, कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात सावध माणसाचाही साधारण दीड सेकंद जातो. त्या वेळात पहिली गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते, दुसरी ५०. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि ब्रेक पूर्ण दाबलेला असं धरलं, तर वेग दर सेकंदाला ताशी २५ किलोमीटरने उतरतो. १०० वाली गाडी ट्रेलरला टेकता टेकता थांबते. १२० वाली त्याच जागी पोचते तेव्हा तिचा वेग किती उरला असेल? वर्गात विचारलं की बहुतेक मुलं २० म्हणतात.

उत्तर आहे ७७.

वहीत स्वतः मांडून बघा. ब्रेक दर मीटरला सारखीच ऊर्जा काढून घेतात, पण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १०० चे १२० केले की वेग २० टक्के वाढतो, ऊर्जा ४४ टक्के. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंत ८ मीटर जास्तीचे गेलेले असतात. वेग भराभर उतरतो तो अगदी शेवटच्या काही मीटरमध्ये, आणि नेमके तेच मीटर १२० वाल्याकडे उरत नाहीत. ताशी ७७ ची धडक म्हणजे गाडी २३ मीटरवरून, साधारण सातव्या मजल्यावरून, खाली पडल्यासारखी.

आता पाच स्टारबद्दल. गाड्यांची धडक-चाचणी घेऊन हे तारे देणाऱ्या भारत एनकॅपमध्ये समोरासमोरच्या धडकेची चाचणी होते ती ताशी ६४ किलोमीटरला. तुमच्या गाडीने मिळवलेले तारे त्या वेगाचे आहेत. ७७ ला तिच्यावर चाचणीच्या जवळजवळ दीडपट ऊर्जा येते, आणि ब्रेक लागलाच नाही, सरळ १२० ला आदळली, तर साडेतीनपट. चांगली गाडी घेतलीत हे उत्तमच केलंत, पण त्या संरक्षणाला हद्द आहे. एबीएसचंही तसंच आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होत नाहीत आणि स्टिअरिंग हातात राहतं, हा त्याचा मोठा उपयोग. कोरड्या डांबरावर थांबायचं अंतर त्याने फारसं कमी होत नाही.

आपल्या रस्त्यांवरची धडक चाचणीतल्यासारखी होतही नाही, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. रात्री टेललाइट नसलेला, बंद पडून उभा असलेला ट्रक समोर येतो. कार मागून त्याच्यात शिरली की बॉनेट ट्रकच्या खाली जातं आणि ट्रकचा मागचा भाग थेट काचेच्या उंचीवर येतो. चुरगळून धक्का सोसायला केलेला गाडीचा पुढचा भाग तिथे पूर्ण कामाला येतच नाही. समृद्धीवर तर सरळ, एकसुरी रस्ता. तास-दीड तास १२० ने गेल्यावर नजर त्या वेगाला सरावते, आणि पुढचा ट्रक उभा आहे की चालतोय हे कळायलाच वेळ लागतो. तिथे दीड सेकंद पुरत नाही. पावसात तर वरचे सगळेच आकडे बिघडतात.

केंद्र सरकारच्या आकडेवारीत २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर गेली आणि त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. त्या टक्केवारीवर मी फार भर देत नाही. रस्त्याची रचना, दमलेला चालक, नादुरुस्त ट्रक अशी कारणं त्या एका रकान्यात दडून जातात असं माझं मत आहे. मला जास्त पटतो तो स्वीडनचे रस्ते-सुरक्षा संशोधक गोरान निल्सन यांनी मांडलेला संबंध: रस्त्यावरच्या वाहनांचा सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेणे अपघात सुमारे ४ टक्क्यांनी वाढतात. त्या हिशेबाने सगळेच १०० चे १२० करू लागले तर असे अपघात जवळपास दुप्पट होतील.

आणि वाचतं काय? एक्स्प्रेसवे साधारण ९४.५ किलोमीटरचा. सलग १०० ने ५७ मिनिटं, सलग १२० ने ४७. घाट, टोलनाका आणि लेन अडवून चाललेले कंटेनर धरले तर त्या दहातली निम्मी मिनिटंही हाती लागत नाहीत.

तुम्ही असंही लिहिलंय की मागचे डिपर मारतात, म्हणून वेग वाढवावा लागतो. उजवी लेन ओव्हरटेकची आहे. ओव्हरटेक झाला की मधल्या लेनमध्ये या आणि त्यांना जाऊ द्या. त्यांच्यासाठी ॲक्सिलरेटर दाबू नका. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा, मागे बसलेल्यांनाही बेल्ट लावायला लावा, आणि पाऊस असेल तर ८० वर या.