वाचकांचे प्रश्न : गावरस्त्यावरचे पंक्चर

प्रश्न : मी सोलापूरहून सकाळी नान्नज, मार्डीच्या बाजूच्या गावरस्त्यांवर रोड सायकल चालवतो. टायर 25 मिलिमीटरचे आहेत. पंक्चर काढून घेतले तरी दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा हवा जाते. काय करावे?

उत्तर : त्याच जागी हवा जात असेल, तर दोष बहुधा पंक्चर काढणाऱ्याचा नसतो. वेड्या बाभळीचा काटा ट्यूबमध्ये शिरून मोडतो आणि त्याचे टोक टायरच्या रबरात अडकून राहते. ते बाहेरून दिसत नाही, परंतु हवा भरताच नव्या ठिगळाशेजारी टोचू लागते. म्हणून ट्यूब बाहेर काढल्यावर टायरच्या आतून सुती फडके सावकाश फिरवावे. जिथे धागा अडकेल तिथे काटा असतो. तो चिमट्याने उपटावा, बोटाने चाचपू नये.

चौकटीत व ब्रेकमध्ये जागा असल्यास 28 मिलिमीटरचे, काटारोधक पट्टीचे टायर घ्यावेत. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, त्यामुळे खडबडीत डांबरावर हादरेही कमी बसतात. मात्र हवा फारच कमी ठेवली, तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटून शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात.

शेताच्या बांधालगतची कड टाळावी, कारण छाटलेल्या फांद्या तिथेच पडलेल्या असतात. गाळप हंगामात मात्र उसाच्या ट्रॉल्यांना वाट देण्यासाठी कडेला जावेच लागते. तिथे पंक्चरची भीती बाळगू नये, जीव आधी सांभाळावा.